नव्या भाताची आण

डहाणूच्या पूर्वेकडच्या डोंगराळ पाड्यांवर दक्षा वरठा हिला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे तिला गार्डबाय म्हणत. जंगल खात्यात ती वनरक्षक होती. चारोटीकडून येणारा डांबरी रस्ता जिथे संपतो आणि पाड्यांची पायवाट सुरू होते, तिथे खात्याचा नाका आहे. नाका म्हणजे एक आडवा बांबू, एक पत्र्याची खोली आणि खोलीपुढे बाकडं. त्या बाकड्यावर दक्षा बसलेली दिसली की वरून येणारा माणूस, डोक्यावर नुसती चुलीपुरती काटक्यांची मोळी असली तरी, पावलं जरा आखडती घेई.

ती काही परकी नव्हती. दोन टेकड्या ओलांडल्या की तिचं माहेर. आईवडील भात आणि नाचणी पिकवणारे. आश्रमशाळेत शिकली, खात्याच्या परीक्षेला बसली आणि नोकरीला लागली. बुटकी, भक्कम बांध्याची, चालताना थोडी पुढे झुकणारी. काहीतरी सांडलंय आणि ती ते शोधतेय, असं वाटावं. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघे. तोंड काहीही सांगेल, पण घोट्याला लागलेली माती कुठली आहे ते पायाला लपवता येत नाही, असं तिचं म्हणणं. तिची आई सांगते, लहानपणी ही पोर शेजाऱ्यांच्या कोंबड्या चालीवरून ओळखायची. कोणाची कोंबडी कोणाच्या घरात अंडं घालते हे तिनं एकदा भर अंगणात सांगितलं आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं.

संशय हाच तिचा स्वभाव होता, असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. ती नीट बघायची, एवढंच. आणि नीट बघणाऱ्याला या जगात न जुळणाऱ्या गोष्टी फार दिसतात.

या डोंगरांत खैर आहे. खैराचा गाभा लाल असतो, त्याचा कात होतो, आणि काताला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. तोडलेल्या खैराची साल काढून, ओंडके करून ते वेवजीच्या बाजूनं हद्दीपलीकडे गुजरातेत जातात. तोडणारा पाड्यावरचा, नेणारा दुसराच, आणि वरचा शेठ कोण ते कोणालाच माहीत नाही, असं सगळे सांगतात. दक्षाला हे सगळं ठाऊक होतं. शेठ तिच्या हाताला लागण्यासारखा नव्हता. ओंडके लागण्यासारखे होते.

तिचं नाव झालं ते एका झोळीमुळे. आजारी माणसाला पाड्यावरून खाली आणायचं तर बांबूला चादर बांधून झोळी करतात, दोघं खांद्यावर घेतात आणि वरून दुसरी चादर पांघरतात. अशी झोळी दिसली की वाटेतला माणूस बाजूला होतो. चादर वर करून आत कोण आहे ते बघायची रीत नाही. त्या दिवशी मात्र नाक्यावर आलेली झोळी दक्षाला खटकली. माणसाचं अंग झोळीत मधोमध खचतं. ही सरळ होती. मागून येणारी बाई मोठ्यानं रडत होती, पण झोळीकडे एकदाही बघत नव्हती. दक्षानं चादर वर केली. आत साल काढलेला लालभडक खैर, तान्ह्या लेकरासारखा गुंडाळलेला.

साहेबांनी तिचा सत्कार केला. फोटो खात्याच्या ग्रुपवर फिरला. आणि त्यानंतर नाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक झोळीची चादर दक्षा वर करू लागली. एकदा आत तापानं फणफणलेली म्हातारी निघाली. डोळ्यांत उजेड गेला तशी ती म्हणाली, "मेले का गो मी?" दक्षानं चादर परत घातली, अगदी हळू हातानं घातली. पण उचलली होतीच.

पुढे पुढे नाक्यावरून झोळ्या येईनाशा झाल्या.

"बघितलंस झिपरूकाका? आळा बसला," दक्षा म्हणाली.

झिपरू हा तिच्या हाताखालचा वनमजूर. वयानं बापासारखा, साहेब समोर असले की तिला मॅडम म्हणणारा आणि एरवी बाय. कोणत्याही गोष्टीला नाही म्हणायचं त्यानं आयुष्यात टाळलं होतं. "हां बाय," तो म्हणाला, आणि बिडी पेटवायला खोलीमागे गेला.

भाताची झोडणी आटोपल्यानंतरची गोष्ट. बोरपाड्याच्या वरच्या उतारावर दक्षाला एक खैर अर्धवट तोडलेला सापडला. झाड तुटून आडवं झालं नव्हतं. बुंध्यावर अर्धं फिरून तिरकं लोंबत होतं. खाली कुऱ्हाड पडली होती.

"आपल्याला बघून पळाले," दक्षा म्हणाली.

"कुऱ्हाड टाकून?" झिपरू म्हणाला.

तोडणारा काहीही टाकील, पण कुऱ्हाड टाकणार नाही, हे दक्षालाही माहीत होतं. तिनं ती उचलली. दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तशी पट्टी बोरपाड्याचा मिथुन गुंडाळतो. खाली ढलप्या पसरल्या होत्या, सगळ्या लाल. गवतही लाल झालं होतं. ताजा खैर लालच असतो, म्हणून तिनं त्या लालीकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. मुंग्या लागल्या होत्या. त्याही तिनं बघितल्या आणि सोडून दिल्या.

मिथुन म्हणजे किरकोळ अंगाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. लग्नात नाचायला पहिला आणि खैर तोडायलाही पहिला. त्याच्यावर डहाणूच्या कोर्टात एक केस चालूच होती, जामिनावर बाहेर होता. पुन्हा सापडला तर काही खरं नाही, असं सगळा पाडा म्हणे. तोही म्हणे, पण हसत.

चार-पाच दिवस तो कुठेच दिसला नाही, तेव्हा दक्षा त्याच्या घरी गेली. बायको शुक्री दार अडवून उभी होती. मिथुनची आई भिकी उंबऱ्याशी वाल सोलत बसली होती.

"मिथुन कुठंय?"

"उंबरगावला गेलेत. कंपनीत," शुक्री म्हणाली.

"कोणत्या कंपनीत?"

"आता मला काय नाव वाचता येतं?"

दक्षानं खाली बघितलं. मिथुनच्या चपला दाराआड होत्या. कंपनीत माणूस अनवाणी जात नाही. आत मोहाच्या पेंडीचा धूर दाटला होता. साप येऊ नयेत म्हणून तो करतात, पण करतात पावसाळ्यात. आणि पेंढा. पेंढा सगळे अंगणातल्या माचावर रचतात. या घरात तो आत, शेळीच्या कोपऱ्यात, छातीइतका उंच रचलेला होता. बाहेरचा माच अर्धा रिकामा.

दुकानदाराकडून आणखी एक गोष्ट कळली. शुक्री हळद नेत होती, लग्नघरी न्यावी तशी. त्या घरात लग्न नव्हतं. हळदीचा आणि लाकडाचा काय संबंध ते दक्षाला लागेना, म्हणून तेवढी गोष्ट तिनं बाजूला ठेवली. बाकीचं सगळं जुळत होतं. पेंढ्याखाली ओंडके होते, धूर ताज्या लाकडाचा वास झाकण्यासाठी होता, आणि मिथुन रानात कुठेतरी लपून गाडी यायची वाट बघत होता.

त्याच दुपारी ती झिपरूला घेऊन झडतीला गेली. भिकी उंबऱ्यावरच होती.

"ये, ये," म्हातारी म्हणाली. "माझ्या घरात चादरी नायत. काय उचलशील?"

"आजी, बाजूला हो. घर बघायचंय."

"बघ की. गरिबाचं घर, एका डोळ्यानं बघून होईल. तू दोन कशाला आणलेस?"

झिपरूला हसू आलं, ते त्यानं खोकून घालवलं.

शुक्री आडवी आली. "पेंढ्यात साप हाय, बाय. हात नको घालू. म्हणून तर धूर केलाय."

"साप असता तर शेळी इथे बांधली असतीस?" दक्षा म्हणाली, आणि हातातली काठी तिनं पेंढ्यात खुपसली.

काठी लाकडाला लागली की हाताला कळतं. हे लाकूड नव्हतं. आतून कोणीतरी कण्हलं.

पेंढा बाजूला केला तेव्हा मिथुन दिसला. केसांत कुसळं, ओठ सुकलेले, डोळे उघडे पण कोणाकडेच न बघणारे. उजवी नडगी हळदीच्या फडक्यांत गुंडाळलेली आणि फडक्याखाली पाय घोट्यापर्यंत काळानिळा. मोहाच्या धुरानं इतके दिवस झाकलेला वास आता झाकत नव्हता.

"मी नाय तोडला," तो छताला म्हणाला. "साहेब, मी नाय."

दक्षाला खैराखालचं लाल गवत आठवलं. मुंग्या आठवल्या. नुसत्या लाकडाला अशा मुंग्या लागत नाहीत. ती खाली बसली आणि तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"झाड फिरलं आणि कुऱ्हाड सटकली," शुक्री म्हणाली. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती रडायलाही लागली नव्हती.

"आणि दवाखान्यात का नेलं नाही? वेडे आहात का तुम्ही?"

शुक्रीनं सासूकडे बघितलं. मग भिकी म्हणाली, "दवाखान्याचा रस्ता तुझ्या बाकड्यावरून जातो."

"मी गाडी बोलावते. खाली रस्त्यावर येईल."

"बोलव. गाडी येईल, तिच्यामागून पोलीस येतील, त्यांच्यामागून तुझा साहेब. डॉक्टर विचारतील कशानं लागलं. आधीची केस हायच. आता आत गेला तर पाय तिथेच सडेल, आणि मला मुलगा चादरीत बांधून देतील."

"आजी, इथे ठेवलास तर मरेल तो. आज नाही तर उद्या."

"मरेल तर माझ्या मांडीवर मरेल."

तोवर दारात माणसं जमली होती. शेजारचा रघ्या, त्याचे भाऊ, आणखी दोघंतिघं. कोणी आत येत नव्हतं, कोणी जातही नव्हतं. रघ्या म्हणाला, "बाय, एक सांग. तू त्याला न्यायला आलीस का पकडायला?"

पकडायला ती आली होती, आणि न्यायला तर हवंच होतं.

तिच्या नोकरीत हे फार सरळ होतं. झाड उतारावर होतं, कुऱ्हाड नाक्याच्या खोलीत होती, माणूस समोर पडला होता. आता नाव द्यायचं, बस. आणि नाव न देणं हा तिचा गुन्हा. तिला खैराचीही कणव होती. ती काही कागदापुरती गार्ड नव्हती. उघडे पडलेले उतार तिनं लहानपणी भरलेले बघितले होते. पण जबरदस्ती करायची म्हटली तर पोलीस वर येईपर्यंत ही माणसं मिथुनला उचलून आणखी आत रानात नेतील आणि तो तिथे संपेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. रघ्याचे भाऊ झोळी उचलायला नव्हे, वाट अडवायला उभे होते.

"मी केस करणार नाही," ती म्हणाली.

दारातला एकही माणूस हलेना. भिकी नुसती हसली, दात नसलेल्या तोंडानं. "हां. आणि उंबरगावच्या कंपनीत मिथुन मुकादम झालाय."

झिपरू दक्षाच्या कानाशी आला. "नुसतं हो हो म्हणा, बाय. खाली नेला की मग बघू. पण आण मागतील ती घेऊ नका."

तो बोलला आणि भिकी उठलीच, जणू तिला ऐकू गेलं होतं. कणगीपाशी जाऊन ती ओंजळीत नवा भात घेऊन आली. कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय त्यातला दाणा या पाड्यावर कोणी तोंडात घालत नाही, आणि तो भात हातात धरून कोणी खोटं बोलत नाही. बोललं तर पुढे त्याच्या शेतात कणीस उभं राहतं पण दाणा भरत नाही, अशी समजूत. दक्षाच्या आईचंही शेत होतं.

"टोपी काढ," भिकी म्हणाली.

"टोपी कशाला?"

"टोपी सरकारची. सरकार मला रोज शपथ देतं. मला तुझी पायजे."

दक्षानं टोपी काढली आणि झिपरूपुढे धरली. झिपरूनं दोन्ही हात पाठीमागे नेले, टोपी चटका देईल अशा भीतीनं. मग तिनं ती पेंढ्यावर ठेवली. भिकीनं तिच्या ओंजळीत भात ओतला.

"म्हण. मिथुननं काय केलं ते माझ्या तोंडातून कोणाला कळणार नाय."

दक्षानं मिथुनकडे बघितलं. त्याच्या गळ्याची शीर उडत होती. तिनं ते वाक्य म्हटलं, ऑफिसातल्या मराठीत नाही, घरच्या बोलीत, जशी ती आईशी बोले. म्हणून झाल्यावर म्हातारीनं तिची ओंजळ खाली ओढून दाणे पुन्हा बघितले. बोलल्यावर ते बदलले तर नाहीत ना, एवढी खात्री तिला हवी होती.

"उचला," ती रघ्याला म्हणाली.

झोळी बांधली, चादर पांघरली आणि माणसं पळतच निघाली. दक्षा बाजूनं झोळीचा काठ धरून पळत होती. भिकी मागून, त्या वयात, दोन माणसांच्या अंतरानं. आंब्यापाशी वाट फुटते. एक नाक्यावर उतरते, दुसरी ओढ्याच्या कडेनं फार लांबून वळसा घेऊन रस्त्याला लागते. पुढचे दोघं न थांबता ओढ्याकडे वळले.

"अरे, इकडे! नाक्यावरून!" दक्षा ओरडली.

रघ्या थबकला. "सवय झालीय," तो म्हणाला. "आजारी असला की आम्ही ओढ्यानंच नेतो. पावसाळ्यात माझी वैनी तिकडूनच नेली."

"मग?"

"मग काय. नेली. परत नाय आली."

रघ्यानं बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला. झोळी नाक्याच्या वाटेला लागली. नाक्यावरचा आडवा बांबू झिपरूनं धावत जाऊन वर केला.

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?"

"विळ्यानं," शुक्री म्हणाली.

डॉक्टरांनी जखम बघितली, मग दक्षाच्या अंगावरचे खाकी कपडे बघितले. "मोठा विळा दिसतो," ते म्हणाले आणि कामाला लागले. दक्षा भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत राहिली. भिकी तिच्याकडे बघत राहिली. दक्षाचा फोन वाजला की म्हातारी ताठ होई आणि विचारी, "साहेब का?" एकदा खरंच साहेबांचा होता. दक्षानं तो उचलला नाही. भिकीला त्यातही काहीतरी पाणी मुरतंय असं वाटलं. "समोर नाय बोलणार ना तू," ती म्हणाली. "बाहेर जाऊन बोलशील."

गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मिथुन वाचला.

असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. अर्धवट तोडलेला खैर, ट्यूब गुंडाळलेली कुऱ्हाड आणि गार्डबाय स्वतः दवाखान्यात, हे तिन्ही कोणीतरी रेंजर साहेबांच्या कानावर एका दमात घातलं. त्यांनी दक्षाला ऑफिसात बोलावलं. आधी झिपरूला विचारलं. झिपरू म्हणाला, मी बाहेर होतो साहेब, शेळी धरून. दक्षानं त्याच्यावर राग धरला नाही. झिपरूला सगळ्यांशीच बरं राहायचं होतं आणि त्याच्या रिटायरमेंटला थोडंच राहिलं होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंखा तिच्या बाजूला वळवला.

"मिथुनच्या पायाला काय झालं?"

"मला माहीत आहे, साहेब. मी सांगणार नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "माहीत नाही असं म्हण. मी तेवढं लिहून घेतो. प्रकरण मिटेल."

"ते खोटं होईल."

"आणि हे काय आहे?"

"हे गप्प बसणं आहे."

साहेबांच्या मनात काय चाललंय ते दक्षाला दिसत होतं, कारण तिच्या जागी दुसरी कोणी असती तर दक्षाच्याही मनात तेच आलं असतं. शेवटी त्यांनी विचारलंच. "किती दिले शेठनं?"

"काही नाही."

"तुझ्या आईच्या घरावर नवे पत्रे घातलेत म्हणे."

"घरकुलाचे आहेत."

"एक माणूस वाचला, चांगलं झालं. मी काही राक्षस नाही. पण उद्या प्रत्येक तोडणारा तुझ्याकडे आण मागायला येईल. मग हे डोंगर कोणी राखायचे?"

"ते मलाही कळत नाही, साहेब," दक्षा म्हणाली. हे तिनं वाद घालायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

"मला तुझ्याविरुद्ध लिहावं लागेल."

"लिहा."

तिची चौकशी लागली, आणि ती संपेपर्यंत तिला चारोटीजवळच्या रोपवाटिकेत पाठवलं. पिशव्यांत माती भरायची, रोपांना पाणी घालायचं, बाकी बायकांबरोबर. बायका तिच्याशी बोलायच्या, पण ती आली की आधीचं बोलणं तोडून. कोणी म्हणे, पैसे खाल्ले. कोणी म्हणे, खाल्ले असते तर इथे माती कशाला भरली असती? त्यावर तिसरी म्हणे, तेच तर, दाखवायला. दक्षा पिशव्या भरे. आता तिच्या पायांकडे लोक बघत होते.

होळीच्या सुमाराला एक दिवस मिथुन आला. कुबडीवर, घामानं भिजलेला. रोपवाटिकेच्या कुंपणाशी उभा राहून त्यानं आधी इकडेतिकडे बघितलं.

"बस," दक्षा म्हणाली. "पाणी?"

त्यानं पाणी घेतलं नाही. बसलाही नाही.

"बाय, माझ्यावर केस कर."

दक्षानं हातातली पिशवी खाली ठेवली. "काय?"

"कर. खैर मी तोडला, तू बघितलास. लिही आणि दे साहेबाला." त्याचा आवाज चढला. "माझ्याबरोबरचे कोणी माझ्याशी बोलत नायत. म्हणतात, गार्डबाय कोणाला फुकट सोडते काय? मिथुननं शेठचं नाव दिलं असणार, म्हणून सुटला. दुकानात गेलो की सगळे गप. परवा माझा पेंढ्याचा माच पेटवला कोणीतरी. माच घराला लागून हाय, बाय. आत माझी पोरं होती."

"पोरं बरी आहेत?"

"शुक्री माहेरी घेऊन गेली. रघ्या पण आता वाकडा बघतो, ज्यानं मला उचलून आणला तो. केस झाली की कळेल सगळ्यांना, मी नाव दिलं नाय ते. सुटलेल्या माणसावर कोणी भरोसा नाय ठेवत."

"मला नाही करता येणार."

"अरे, तुझं कामच हाय ते! एवढी वर्षं तेच केलंस!"

"आण घेतलीय मी."

"मी सोडवली. जा."

"तुझ्यापाशी घेतली नव्हती. तुझ्या आईपाशी घेतली होती. तिला सांग सोडवायला."

मिथुन कुबडीवर रेलला. "विचारलं तिला. म्हणते, ही पण त्या बायचीच अक्कल असेल. तुला आत टाकायला तुझ्याच तोंडून मागवते." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जुनं हसू उमटलं. दक्षालाही हसू आलं. तो मातीच्या ढिगावर बसला आणि पाणी प्याला.

"मिथुन," ती म्हणाली, "आण माझी होती. तुझी नव्हती. तुझं तोंड कोणी बांधलंय?"

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, असं दिसलं. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"मी जाऊन सांगू? स्वतः?"

"मी जा म्हणत नाही आणि नको जाऊ असंही म्हणत नाही."

"आत टाकतील?"

"टाकतील बहुतेक. पाय बघून सोडतील, असं मी तुला सांगणार नाही, मला माहीत नाही. आधी कोर्टापाशी फुकटचा वकील मिळतो, त्याला भेट. आणि तू केलंस तेवढंच बोल. दुसऱ्या कोणाचं नाव द्यायचं नसेल तर नको देऊ."

"मी सांगितलं की तुझं पण पक्कं होईल. तुला ठाऊक होतं, तू लपवलंस."

"ते मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मिथुननं कुबडी जवळ ओढली. मग त्यानं हात पुढे केला आणि दक्षानं त्याला उठवला. रस्त्यावर डहाणूची जीप उभी होती, निम्मी भरलेली. आत त्यांच्याच बाजूच्या पाड्यांवरची माणसं होती, बाजाराला निघालेली. दक्षानं त्याची कुबडी धरली आणि त्याला वर चढायला आधार दिला. जीपमधलं बोलणं थांबलं.

"कुठं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"डहाणू. कोर्टापाशी. तिथून फॉरेस्ट ऑफिस."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ऐकू जावं एवढ्याच आवाजात, "बघा. नाव द्यायला चाललाय. गार्डबायच बसवायला आलीय."

दक्षाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते तिला देता येत नव्हतं. तिनं कुबडी आत सरकवली.

मिथुन मागे वळला. "हां, चाललोय," तो मोठ्यानं म्हणाला. "नाव द्यायलाच चाललोय. माझं. चल, सरक तिकडे. एकच पाय हाय, फार जागा नाय मागत."

कोणी हसलं नाही. पण सरकले.